हत्तीखाना आणि चित्तेखाना

खुलताबादचा घाट उतरला की चार-पाच किलोमीटरांवर वेरूळ लागते आणि हत्ती दिसू लागतात. कैलास लेण्याच्या प्रवेशातच गजलक्ष्मीवर पाणी ओतणारे हत्ती आहेत. चौकात दोन बाजूंना दोन पूर्णाकृती हत्ती उभे आहेत. दोघांच्याही सोंडा तुटल्या आहेत, तरी रुबाब गेलेला नाही. मुख्य मंदिराचे जोते तर हत्तींनी आणि सिंहांनीच पाठीवर पेलल्यासारखे कोरले आहे. त्यातले काही हत्ती चरतात, काही एकमेकांशी झुंजतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, ज्यांनी हा डोंगर वरून खाली फोडला त्या पाथरवटांनी जिवंत हत्ती रोज पाहिले असणार. नुसत्या ऐकीव माहितीवर हत्तीच्या मागच्या पायाचा बाक इतका बरोबर येत नाही. पुढे बत्तीस क्रमांकाच्या जैन लेण्यातही अंगणात एक दगडी हत्ती आहे. आत हत्तीवर बसलेल्या यक्षाला पाहणाऱ्यांनी इंद्र समजले आणि लेण्याला ‘इंद्रसभा’ हे नाव पडले, ते कायमचे.

सिंह आहेत, बैल आहेत, मगरीवर उभी गंगा आहे. चित्त्याला मात्र या दगडात जागा मिळालेली दिसत नाही. वास्तविक दख्खनच्या माळावर चित्ता परका नव्हता. राजांच्या पदरी तो हत्तीइतक्याच हौसेने बाळगला जाई. त्याच्यासाठी वेगळे नोकर, वेगळी गाडी, वेगळा शिधा असे. दौलताबाद, खुलताबाद आणि औरंगाबाद या पट्ट्यावर ज्यांनी राज्य केले, त्या जवळजवळ सगळ्या घराण्यांच्या कारभारात हत्तीचे खाते होते, आणि बहुतेकांच्या शिकारखान्यात चित्ताही. आज भारतात रानटी हत्ती हजारोंनी आहेत. इथला चित्ता संपला. एकाच धन्याच्या दारातल्या दोन प्राण्यांचे नशीब इतके वेगळे का निघाले, हे पाहायचे तर दोघांचा हिशेब समोरासमोर मांडावा लागतो.

अंगकाठीत तर दोघांत काहीच सारखे नाही. हत्तीचा मोठा नर चार टनांच्या घरात जातो आणि दिवसाला दीडशे किलोहून जास्त चारा फस्त करतो. चित्ता भरला तरी पन्नास-साठ किलोंचा. हत्तिणी कळपात राहतात आणि वयाने मोठ्या मादीच्या मागे चालतात. चित्त्याची मादी एकटी असते, पिल्ले असतील तेवढ्यापुरती लेकुरवाळी. हत्तीण वीस-बावीस महिने गर्भ वागवते आणि एक पिल्लू देते. चित्त्याची मादी तीन महिन्यांत तीन-चार पिल्ले देते. हत्ती मैलोन् मैल एका चालीने चालतो. चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण अर्ध्या मिनिटात त्याचा खेळ आटोपतो आणि मग धापा टाकत त्याला बसावेच लागते. त्याला डरकाळीही नाही. तो मांजरासारखा गुरगुरतो आणि पक्ष्यासारखी चिवचिव करतो.

असे असूनही माणसाशी त्यांचा व्यवहार एका मुद्द्यावर तंतोतंत सारखा होता. गाय, घोडा, कुत्रा यांच्यासारखे हे दोघे कधी घरचे झाले नाहीत. माणसाळायचा तो एकेक जीव. जात रानटीच राहिली. हत्ती हत्तीखान्यात वाढवायचा म्हटले तर पिल्लू कामाचे होईपर्यंत वीस वर्षे त्याला फुकट पोसावे लागते. कोणत्याही खजिन्याला हा सौदा परवडत नव्हता. चित्त्याचे पिल्लू पाळता येते, पण हरणामागे कसे धावायचे हे त्याला आईच शिकवते, आणि न शिकलेला चित्ता शिकारीला निरुपयोगी. म्हणून दोन्ही प्राणी रानातून धरून आणायचे, तेही वयात आलेले. वाढवण्याचे काम जंगलाने करायचे आणि तयार माल राजाने उचलायचा, असा हा सगळा कारभार.

हत्तीच्या बाबतीत ही गोष्ट राज्यकर्त्यांना फार लवकर उमगली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींसाठी राखलेली वने आहेत, त्यांवर पाळत ठेवणारे अधिकारी आहेत, आणि हत्ती मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे. धरायचा तो वीस वर्षांचा हत्ती, तोही उन्हाळ्यात. दूधपिते पिल्लू, आजारी हत्ती, गाभण आणि लेकुरवाळी हत्तीण सोडून द्यायची, असेही नियम आहेत. कलिंग आणि अंग देशाचे हत्ती सर्वांत चांगले, अपरान्ताचे म्हणजे आपल्या कोकणपट्टीचे मध्यम, सौराष्ट्राचे हलके, अशी प्रतवारीही त्यात लावली आहे. कोकणच्या हत्तीला मधली प्रत मिळाली यात वाईट वाटण्याचे कारण नाही. प्रत लावली याचा अर्थ हत्ती होते, आणि ते कुणीतरी मोजत होते.

चित्त्याची अशी मोजदाद कौटिल्याने केलेली नाही. दख्खनच्या लेखनात तो ठसठशीत दिसतो तो थेट बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९-३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी अभ्यासकांना तो त्यातल्या मराठी ओळींमुळे ठाऊक आहे. राजाने काय खावे, कोणते खेळ पाहावेत, शिकार कशी करावी इथपर्यंत सगळे त्यात आहे. हत्ती धरण्याच्या रीती, हत्तींची वने, हत्तींच्या शर्यती यांना सोमेश्वराने भरपूर जागा दिली आहे. शिकारीच्या प्रकरणात त्याने चित्त्याकरवी हरीण मारण्याची रीतही वर्णिली आहे. चित्त्याच्या शिकारीची भारतातली सर्वांत जुनी लेखी नोंद म्हणून अभ्यासक याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. पण त्याने दोघांना कुठे बसवले आहे ते पाहण्यासारखे आहे. हत्ती सैन्यातही आहे आणि खेळातही. चित्ता फक्त खेळात. सातशे-आठशे वर्षांनंतरच्या शेवटाचे बीज या मांडणीतच असावे, असे म्हणायला हरकत नाही.

देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडाले त्या गडबडीतही हत्तींची गणती चुकली नाही. १२९६मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल केली आणि रामचंद्रदेवाकडून अफाट लूट नेली. त्या लुटीत हत्तीही होते. पुढे मलिक काफूर देवगिरीवरूनच दक्षिणेत उतरला आणि १३११मध्ये दिल्लीला परतला. तेव्हा त्याच्याबरोबर ६१२ हत्ती होते, असे इतिहासकार बर्नी लिहितो. आकडा फुगवलेला असेल, पण खजिना मोजताना सोने, घोडे आणि हत्ती एका ओळीत येत, हे त्यावरून कळते. दौलताबादच्या किल्ल्यात आजही हत्ती हौद दाखवतात. किल्ल्याच्या दारांवर जे अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत ते शत्रूच्या हत्तीने कपाळाने दार फोडू नये म्हणून. गड बांधणाऱ्याला हत्ती असा विचारात घ्यावा लागे. चित्त्यासाठी कुणाला दार मजबूत करावे लागले नाही.

मोगलांच्या काळात दोन्ही खाती भरभराटीला आली. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त हत्तींचे सात वर्ग आहेत. पहिल्या वर्गातल्या मस्त हत्तीला किती धान्य आणि त्याच्या दिमतीला किती माणसे, याचा तपशील आहे. माणसे साडेपाच! अर्धा माणूस म्हणजे सरासरीचा हिशेब, पण कारकुनी काटेकोरपणा म्हणावा तो हा. चित्त्यांचेही वर्ग होते, त्यांनाही दर्जानुसार मांस तोलून मिळे. चित्ता पूर्वी दोन-तीन महिन्यांत तयार होई, तो अकबराच्या देखरेखीमुळे अठरा दिवसांत होऊ लागला, असे अबुल फजल अभिमानाने सांगतो. चित्रनजन नावाच्या चित्त्याने एकदा हरणामागे धावताना मोठी दरी ओलांडली, तेव्हा बादशहाने त्याला सगळ्या चित्त्यांचा सरदार केले आणि त्याच्यापुढे नगारा वाजवण्याचा मान दिला.

मान मिळाला, संतती मात्र झाली नाही. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, वडिलांनी एकदा हजार चित्ते जमवले होते, त्यांची जोडी जमावी म्हणून बागांत नर-मादी सोडून पाहिले, पण काही उपयोग झाला नाही. पुढे जहांगीराच्याच काळात एक नर पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन पिल्ले झाली. बादशहाने ही गोष्ट नवल म्हणून टिपून ठेवली, आणि ते नवलच होते. पिंजऱ्यात चित्त्याची पिल्ले जन्मल्याची यानंतरची माहीत असलेली नोंद थेट १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. पाळलेल्या हत्तींची वीण होई, पण ती अशुभ मानत. अकबराने तो समज मोडला, असे आईन सांगते. तरीही दोन्ही खाती चालत ती रानातून येणाऱ्या नव्या भरतीवरच.

ही भरती यायची कुठून? हत्तींसाठी आईनमध्ये माळवा, नर्मदाकाठचे हंडिया आणि होशंगाबाद, पन्ना, सरगुजा, बस्तर अशी ठिकाणे दिली आहेत. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस रानटी हत्ती सातपुड्याच्या आसपास होता. आज त्या बहुतेक ठिकाणी तो नाही. हत्तीवर राज्यांचे लक्ष होते म्हणून तो सगळीकडे वाचला असा अर्थ कुणी काढू नये. खानदेश-वऱ्हाडच्या अंगाने तो हटत गेलाच. तो तगला पूर्वेकडे, ईशान्येकडे आणि कर्नाटक-केरळच्या दाट रानांत, जिथे नांगर उशिरा पोहोचला.

चित्त्याचे ठिकाण म्हणजे उघडा माळ. पाऊस कमी, गवत गुडघ्याएवढे, मधूनच बाभळ-बोर, आणि काळविटांचे कळप. मराठवाडा, नगर, सोलापूरचा हा पट्टा त्याच्यासाठीच केल्यासारखा. त्याला धरणारे पारधी. वऱ्हाडाकडे पारध्यांच्या पोटजातींत चित्ते बाळगून शिकार करणाऱ्यांची वेगळी नोंद १९१६च्या रसेलच्या ग्रंथात सापडते. चित्ते ठरावीक झाडांना बोचकारे काढायला, आपली खूण ठेवायला परत परत येतात. पारधी ते झाड हेरत आणि भोवती हरणाच्या तातीचे फासे मांडत. जाळ्यात आलेल्या जनावराच्या डोळ्यांवर टोपी चढायची. मग त्याला खाटेला बांधून भर वस्तीत ठेवत. बायका-पोरे दिवसभर त्याच्याजवळ बसून बोलत राहत आणि त्याला झोपू देत नसत. माणसाच्या आवाजाची भीती मेली की निम्मे काम झाले.

शिकारीच्या दिवशी चित्ता बैलगाडीतून निघायचा. काळविटांना बैलगाडीचे भय नसते, म्हणून ती बरीच जवळ जाई. टोपी काढली, पट्टा सोडला, की पुढचे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. काळविटाच्या नरड्याला धरून बसलेल्या चित्त्याकडून शिकार सोडवायची म्हणजे लाकडी पळीत ताजे रक्त घेऊन त्याच्या नाकाशी धरायचे. त्याने पळीला तोंड लावले की पुन्हा टोपी. यात चित्तेवानाचे हात किती सराईत असतील ते ओळखावे. माहुताचा अंकुश आपल्याकडे म्हणींत, गाण्यांत, देवळांत येऊन बसला. चित्तेवानाची पळी कुणाला आठवत नाही.

आणि खुलताबादेत तर हत्तीच्या गोष्टी पावलोपावली. इथे उघड्या आकाशाखाली साध्या कबरीत निजलेला औरंगजेब चौदा वर्षांचा असताना, १६३३मध्ये, आग्र्याच्या नदीकाठी बिथरलेल्या सुधाकर नावाच्या हत्तीसमोर घोडा न वळवता उभा राहिला होता. शहाजहानने त्याची सोन्याने तुला केली आणि दरबारी चित्रकारांनी तो प्रसंग रंगवून ठेवला. हत्तीसमोर टिकणे हे बादशाहीची पात्रता दाखवण्याइतके मोठे मानले जाई. चित्त्याची शिकार हा फुरसतीचा भाग होता.

इंग्रज आले आणि दोघांचे दर्जे आणखी वेगळे झाले. १८०३च्या सप्टेंबरात खुलताबादच्या पूर्वेला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तिथे लढलेल्या ७४व्या हायलँडर पलटणीला मानचिन्ह म्हणून मिळाला हत्ती, खाली ‘असई’ अशी अक्षरे. याच वेलस्लीच्या ताब्यात चार वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणात टिपू सुलतानाचे सोळा शिकारी चित्ते आले होते. त्यांचे चिन्ह कोणत्याही पलटणीने घेतले नाही. त्याआधी १७६४मध्ये मद्रासचा माजी गव्हर्नर पिगट याने एक चित्ता इंग्लंडच्या राजाला नजर केला होता. विंडसरच्या बागेत त्याला दांडग्या हरणावर सोडले, तर हरणानेच त्याला शिंगांनी परतवून लावले. जॉर्ज स्टब्जने त्या चित्त्याचे दोन हिंदी चाकरांसह काढलेले चित्र मँचेस्टरच्या कलादालनात आहे. त्यात चाकर चित्त्याला हरणाची दिशा दाखवतो आहे.

खरा फरक पडला तो कायद्याने. लाकूड ओढायला, तोफा न्यायला हत्ती सरकारला हवा होता. मद्रास इलाख्याने १८७३मध्ये रानटी हत्तींच्या रक्षणाचा कायदा केला, १८७९मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. परवान्याशिवाय हत्ती मारणे हा गुन्हा ठरला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश मुलखात चित्त्याचे नाव मात्र उपद्रवी जनावरांच्या यादीत गेले आणि तो मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागले. वास्तविक चित्त्याने माणसावर चाल केल्याच्या गोष्टी शोधूनही सापडणे कठीण. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात असल्याने हे कायदे इथे थेट लागू नव्हते, पण माळ इथलाही आक्रसत होता. कापसाला भाव होता. १९०० साली मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि माल बाहेर नेण्याची सोय झाली. महसुली कागदांत जंगलाला झाडे असली तर किंमत. गवताळ माळ म्हणजे पडीक, आज ना उद्या नांगराखाली यायचा. काळवीट बंदुकीने गेले, गवत नांगराने गेले, आणि उरलेसुरले चित्ते फाशात अडकत राहिले.

विसाव्या शतकात याचे सर्वांत बोलके चित्र कोल्हापुरात दिसते. शाहू महाराजांना दोन्ही शौक. त्यांच्या काळात साठमारीच्या मैदानात मस्त हत्तीला डिवचून साठमार जीव मुठीत धरून पळत आणि हजारो लोक ते पाहत. साठमारीचे ते मैदान कोल्हापूरकर आजही दाखवतात. चित्त्याची शिकारही संस्थानात जोरात होती. पण देशी चित्ते मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते हिंदुस्थानात आणल्याचा अंदाज चित्त्याचे इतिहासकार दिव्यभानुसिंह देतात. खुलताबादेत ज्याची कबर आहे तो मलिक अंबरही आफ्रिकेतूनच, हबशाणातून विकत विकत दख्खनला आला होता. त्याने इथे राज्य सावरले आणि खडकी नावाचे शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद झाले. आफ्रिकेच्या चित्त्यांना तेवढे आयुष्य मिळाले नाही. संस्थाने गेली आणि चित्तेखाने ओस पडले.

शेवटच्या देशी चित्त्यांची नोंद मध्य भारतातल्या कोरिया संस्थानची: १९४७मध्ये राजा रामानुज प्रतापसिंह देव यांनी एकाच रात्री तीन नर मारले. १९५२मध्ये भारत सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे मान्य केले.

हत्तीची गोष्ट महाराष्ट्रात संपली असे वाटत असतानाच ती पुन्हा सुरू झाली. २००२मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला उतरले आणि सुपारी-केळीच्या बागांतून फिरू लागले. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत आला. तिथे कमलापूरला वन विभागाचे पाळीव हत्ती आधीपासून आहेतच. जुलै २०२५मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर आली. तिच्या तब्येतीसाठी तिला नेणे योग्य होते की नाही यावर दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. पण त्याच कोल्हापुरातून चित्ते गेले तेव्हा कुणी मोर्चा काढला नव्हता.

चित्ताही परत आला, महाराष्ट्रात मात्र नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशात कुनोला उतरले. मार्च २०२३मध्ये तिथे पिल्लेही झाली. त्याआधी २०१०मध्ये तज्ज्ञांनी चित्त्यासाठी जागा पाहिल्या तेव्हा शेवटी सुचवल्या त्या कुनो, नौरादेही आणि राजस्थानातला शाहगड. दख्खनचा माळ त्या यादीत बसला नाही. बसणार तरी कसा? माळढोकासाठी १९७९मध्ये जाहीर झालेले नान्नजचे अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते, ते कमी करून बाराशेच्या आसपास आणावे लागले, कारण त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले होते. कर्जतजवळच्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर आहे. चित्त्याच्या एका मादीला फिरायला शेकडो चौरस किलोमीटर लागतात. रेहेकुरीतली काळविटेसुद्धा तेवढ्यात मावत नाहीत. ती आसपासच्या ज्वारीत उतरतात, आणि शेतकरी नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन वन विभागाच्या कचेरीत जातो.